चुन्याची रेघ

तांबडीनं पेंडीच्या टोपलीत तोंड घातलं, हुंगलं आणि बाजूला केलं. आई तिच्या कासेखाली बसली होती, चरवी गुडघ्यांत धरून. दूध निम्म्यावर आलं होतं. एरवी एव्हाना टोपली चाटूनपुसून साफ व्हायची आणि तांबडी मान वळवून आणखी मागायची. आज पुढून नुसता आवाज येत होता. चप्, चप्, चप्. कुणी जीभ टाळ्याला लावून चव बघत बसावं तसा.

आई चरवी ठेवून उठली आणि पुढं गेली. तांबडीच्या ओठातून लाळेची तार लोंबत होती, थेट गव्हाणीच्या दगडापर्यंत. कानाला हात लावला तर कान तापलेले. आईनं खांद्यावरच्या फडक्यानं लाळ पुसली. पुसेपर्यंत दुसरी तार सुटली.

ओढ्यापलीकडच्या गावात गुरांमध्ये लाळ-खुरकताची साथ आल्याची कुजबुज बरेच दिवस चालू होती. तिकडं सकाळी उड्या मारणारी वासरं दुपारी गेली, असं दूधकेंद्रावर कुणीतरी सांगत होतं. सांगणाऱ्याकडं सगळ्यांनी असं बघितलं होतं, की जणू त्याच्या तोंडातूनच रोग बाहेर पडेल.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा इकडं या."

बाप कालवडीला खरारा करत होता. दोन पावसाळे जीव लावून वाढवलेली कालवड परवा बाजारात जायची होती. तिच्यावर गोठ्याचं नवं छप्पर ठरलेलं होतं. पत्रे बघून झाले होते, सुताराला सांगून झालं होतं. तो खरारा हातात घेऊनच आला. तांबडीचा जबडा धरून त्यानं तोंड उघडलं, आत बघितलं, आणि जबडा पुन्हा मिटला.

"उष्णता झालीय," तो म्हणाला.

"आत काय दिसलं?"

"सांगितलं ना. उन्हाचा तडाखा काय कमी आहे?" त्यानं हात पोत्याला पुसले. पुन्हा पुसले. "बाजार होईपर्यंत कुणापुढं बोलायचं नाही. आणि आपल्या टकळीपुढं तर मुळीच नाही."

आईनं मान हलवली. मग खाली बसून उरलेलं दूध काढलं. हात चालत होते, पण बोटांना आपण काय करतोय ते कळत नव्हतं.

टकळी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पाळण्यात होती तेव्हापासून तोंड मिटलं नाही म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. झोपेतही बोलायची. आता शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, आणि सरांनी त्या वर्गाला सुट्टीचं एक काम लावून दिलं होतं. ज्याच्या कामानं चार लोकांचं भलं होतं अशा माणसाबरोबर महिनाभर राबायचं आणि परत येऊन वर्गासमोर सांगायचं: हे काम मला जमेल का, आवडेल का, आणि यातून खरंच कुणाचं भलं होतं का. लोहाराचा मुलगा पाणीपुरवठ्यावाल्याबरोबर टाक्या घासत होता. शिंप्याची मुलगी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या मागं मागं होती. टकळीनं गुरांची डॉक्टरीण निवडली.

"आमचा जन्म गेला शेण काढण्यात," बाप तेव्हा म्हणाला होता. "ही शिकून मोठी होणार, आणि पुन्हा शेणातच जाणार."

"शिकून गेलं की त्याला नमुना म्हणतात, बाबा. काचेच्या बाटलीत ठेवतात."

बाप हसला होता. पण पहिल्याच दिवशी टकळीची फजिती झाली. डॉक्टरीणबाईंनी बैलाच्या मानेत सुई खुपसली. बैल जागचा हलला नाही, ही मात्र आडवी झाली. तोंडावर पाणी मारून उठवावं लागलं. पुढं आठ दिवस तसंच. रक्त दिसलं की हिच्या डोळ्यांपुढं अंधारी. बाईंनी मग तिला बाटल्या उकळायला आणि गुरांचे दोर धरायला लावलं. घरी आली की जेवताना ताटात बोट फिरवत बसायची.

"सरांना काय सांगू?" ती आईला विचारायची. "भलं करायची इच्छा फार आहे, पण हात थरथरतात, असं सांगू?"

तांबडीला लाळ सुटली त्या दिवशी संध्याकाळी टकळी गुरांच्या दवाखान्यातून आली ती सरळ गोठ्यात शिरली. रोजची सवय; तांबडीच्या वासराशी चार शब्द बोलल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. आई चुलीपाशी होती. गोठ्यातून टकळीचं बोलणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. आईनं चमचा खाली ठेवला. ती पोर मध्येच गप्प झाली म्हणजे काय झालं असणार, हे तिला बघायला जायची गरज नव्हती.

टकळी दारात येऊन उभी राहिली. "आई, तुला माहीत होतं?"

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"सकाळी मीच केंद्रावर दूध नेलं. मी. तुला तेव्हा माहीत होतं?"

"हळू बोल."

"बाई काल ओढ्यापलीकडच्या गावात होत्या. मला त्यांनी नेलं नाही, रोग अंगावरून येतो म्हणून. परत आल्यावर बूट धुतले, कपडे उकळले, मग मला आत घेतलं. आणि इथं आपल्याच घरात…"

बाप बाहेरून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "बस झालं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "बाजार होऊ दे. मग तुझ्या बाईंना वाजतगाजत आण."

"बाबा, कालवड बाजारात गेली तर किती गोठ्यांत जाईल ते."

"तिला काही झालेलं नाही. खाते, पिते."

"आज खाते."

"तुझ्या शाळेच्या अभ्यासापायी माझं घर उघड्यावर पाडू नकोस," बाप म्हणाला. "पहिलं नाव आपलं येईल. तुला कळत नाही. गाव वर्षानुवर्षं धरून बसतं."

टकळी न जेवता भिंतीकडं तोंड करून पडली. बाप जेवला, पण त्याला घास उतरत नव्हता हे आईला दिसत होतं.

पहाटे बाप वैरण कापायला गेला. आई धारा काढायला बसली. तांबडी आता एक पाय उचलून धरत होती, टेकवायची आणि लगेच उचलायची. खुरांच्या फटीत लाल दिसत होतं. आईनं कान धरून तिला थोपटलं, जेवढं निघालं तेवढं दूध काढलं, कॅनमध्ये ओतलं, झाकण लावलं. रोज हा कॅन टकळी सायकलला अडकवायची. आज टकळी सायकलपाशी उभी होती, पण हात पुढं करत नव्हती. रडून डोळे सुजले होते.

केंद्रावर एका पिंपात सगळ्या गावाचं दूध पडायचं. तिथून उरलेलं ताक, धुवणाचं पाणी परत घरोघरी जायचं, वासरांना पाजलं जायचं. आईला हे सगळं ठाऊक होतं. कालही ठाऊक होतं. तिनं कॅन उचलला, परसात उकिरड्यापलीकडं गेली आणि खड्ड्यात उपडा केला. दूध मातीत जिरताना ती बघत राहिली.

"जा," ती टकळीला म्हणाली. "बोलावून आण."

"बाबा?"

"मी आहे ना. तू जा. आणि सायकलची चाकं धू आधी, सोड्याच्या पाण्यानं."

डॉक्टरीणबाई आल्या त्याच वेळी बाप वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन फाटकात पोचला. त्यानं बाईंना बघितलं, आईला बघितलं. भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बसला. ओरडेल असं आईला वाटत होतं. तो नुसता मानेवरचा घाम पुसत राहिला.

बाईंनी तांबडीचं तोंड उघडलं, मग कालवडीचं. कालवडीच्या हिरडीवर फोड होता, बारीक, पाणी भरलेला. बाई मध्यम वयाच्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं थोडक्यात. त्यांनी फाटकाबाहेर चुन्याची जाड रेघ ओढायला लावली. आतलं जनावर बाहेर नाही, बाहेरचं माणूस आत नाही. दूध, शेण, गोठ्यातली भांडी काहीच बाहेर जाणार नाही. टकळीनं हे सगळं निवळेपर्यंत गावातल्याच मावशीकडं राहायचं; अंघोळ करून, मावशीच्या पोरीचे कपडे घालून. या घरात पाऊल टाकायचं नाही.

"हा रोग बाहेरून आलाय," बाई म्हणाल्या. "ओढ्यापलीकडून काही आणलंत?"

आईला वाटलं, आपण सांगावं. पण तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि थांबली.

"कडबा आणला होता," बाप म्हणाला. "गेल्या आठवड्यात. तिथं स्वस्तात मिळत होता."

"का मिळत होता ते आता कळलं," बाई म्हणाल्या, आणि तेवढंच म्हणून पुढच्या कामाला लागल्या.

तुरटीच्या पाण्यानं तोंडं धुवायची, खुरांना औषध लावायचं, कोंड्याची पातळ पेज पाजायची. जमीन सोड्यानं घासायची. आई आणि बाप दोघं राबत होते. एक जण मान धरायचा, दुसरा धुवायचा. बोलणं कामापुरतं. "धर." "सोड." "पाणी दे." तांबडी वेदनेनं मागं सरायची आणि बापाच्या पायावर पाय द्यायची. तो हूं का चूं करत नव्हता.

बाहेर गावानं पाठ फिरवली. दूधकेंद्रवाला फाटकापासून लांब उभा राहून आता कॅन केंद्रावर आणू नका असं ओरडून सांगून गेला. समोरच्या घरातली वहिनी, जिच्याकडं आई सुई-दोऱ्यापासून विरजणापर्यंत सगळं मागायची, ती आपल्या पोरांना हाताला धरून भिंतीच्या कडेकडेनं न्यायला लागली. आई एकदा नळावर गेली तर तिथल्या बायका घागरी घेऊन मागं सरल्या. कुणी वाईट बोललं नाही. नुसत्या सरल्या. आई पाणी न भरताच परत आली. मग मावशीचा नवरा रोज रेघेबाहेर पाणी ठेवून जायला लागला.

दुसऱ्या दिवशी पैलवान भिंतीपाशी आला. शेजारचाच गोठा त्याचा. नावाला पैलवान, कुस्ती कधी खेळला नव्हता. पण बैल त्याचा असा होता की पंचक्रोशीत लोक बघायला यायचे.

"तुमच्या पोरीनंच आणलं हे," तो भिंतीपलीकडून म्हणाला. "डॉक्टरणीच्या मागं दहा गोठे फिरते. मी म्हणत होतो, पोरीच्या जातीला हे धंदे कशाला?"

आईचं तोंड कडू झालं. ती उत्तर शोधत होती तेवढ्यात बाप खुरं धुता धुता उठला. हातात ब्रश तसाच. तो भिंतीपाशी गेला आणि एवढ्या मोठ्यानं बोलला की समोरच्या वहिनीनं खिडकी उघडली.

"पोरीनं नाही. मी आणलं. स्वस्तातला कडबा आणला मी. आणि दडवूनही मीच ठेवत होतो. तिला काही बोलायचं नाही. मला बोल."

पैलवान भिंतीवरचा हात काढून घरात गेला. बाप परत येऊन खाली बसला आणि खुर घासायला लागला. त्याचा कान लालबुंद झाला होता. आईनं त्याच्यापुढं पाण्याची बादली सरकवली.

लस आली. आजारी घर सोडून भोवतालच्या प्रत्येक जनावराला टोचायची होती, आणि लवकर. पण बाई सकाळपासून फिरल्या तर गल्लीच्या गल्ल्या बंद. कुणाची म्हैस गाभण, टोचलं तर गाभ पडेल. कुणाचं दूध आटेल. कुणाची जनावरं पाहुण्यांकडं गेलेली. बाई समजावून सांगत होत्या, मग दटावत होत्या, मग त्यांचा घसाच बसला. दुपारी त्या आणि टकळी रस्त्याकडेच्या झाडाखाली बसल्या, रेघेपासून चांगल्या लांब. आई फाटकाआडून बघत होती. चार दिवसांत पोरीला तिनं एवढंच बघितलं होतं, लांबून.

"मी बोलून बघू?" टकळी म्हणाली. "मी सुई धरणार नाही. नुसती बोलते."

बाईंनी हातानंच सांगितलं, बघ.

ती उठली आणि पैलवानाच्या दारापुढं रस्त्यात उभी राहिली. आत गेली नाही. "काका, बैल दिसत नाही तुमचा."

"मळ्यात बांधलाय."

तेवढ्यात आतून बैल हंबरला.

"मळा बराच जवळ आलाय, काका."

कोपऱ्यावर कुणीतरी हसलं. पैलवानही हसू दाबायला ओठ चावत होता. "हे बघ पोरी, टोचल्यावर बैल चार दिवस कामाला येत नाही. पेरणीआधीची मशागत तोंडावर आहे."

"येत नाही. खरं आहे," टकळी म्हणाली. "एक-दोन दिवस मरगळतो, टोचल्या जागी गाठ येते. आणि लस लगेच चढतही नाही, तिला दिवस लागतात. म्हणून तर घाई." तिनं आपल्या फाटकाकडं बघितलं. "आमच्या तांबडीला उभं राहता येत नाही. मला आत जाता येत नाही, इथूनच ऐकते मी तिला. तुम्ही भिंतीवरून बघा काका. एकदा बघा आणि मग नको म्हणा. मी पुन्हा येणार नाही."

पैलवान भिंतीपाशी आला. आईला कळलं काय करायचं ते. तिनं तांबडीचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला आणि त्याच्या बाजूला वळवला. खुराचं कातडं सुटून लोंबत होतं, आत मांस. तांबडी थरथरत होती. आईनं तिच्या पोटाला डोकं टेकवलं आणि पाय धरून ठेवला. आपल्या गोठ्याची अशी दशा दुसऱ्याला दाखवायची, याची चार दिवसांपूर्वी तिला लाज वाटली असती. आता वाटत होतं, बघ, नीट बघ.

पैलवानानं बघितलं. मग तो आत गेला, आणि कडी काढल्याचा आवाज आला.

त्याच्या बैलाला टोचलं म्हटल्यावर समोरच्या वहिनीनं म्हैस बाहेर काढली. टकळी पुढच्या गल्लीत गेली. आईला मग ती दिसली नाही, नुसता आवाज येत राहिला, कधी जवळ, कधी लांब. प्रत्येक दारात सुरुवात तीच: "आमच्याच घरातून सुरू झालंय, म्हणून सांगायला आले." कुठं हसणं ऐकू यायचं, कुठं वाद. एका म्हातारीनं तिला शिव्या घातल्या, आणि शिव्या संपल्यावर पाणी विचारलं. संध्याकाळपर्यंत लसीचा डबा रिकामा झाला. बाई दुसरा आणायला गेल्या.

पण आईचा जीव वासरात अडकला होता. त्याला पहिल्या दिवसापासून निराळं बांधलं होतं, बाटलीनं उकळून गार केलेलं दूध पाजत होते. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: मोठी जनावरं तरतील, वासरांचं सांगता येत नाही, रोग त्यांच्या काळजाला धरतो. एका दुपारी वासरानं बाटलीला तोंड लावलं नाही. ते खाली बसलं आणि भराभरा श्वास घ्यायला लागलं. बापानं काम टाकलं, त्याच्याजवळ पोत्यावर बसला आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाई येऊन औषध देऊन गेल्या. "आता वाट बघायची," म्हणाल्या.

ऊन भिंतीवरून सरकत होतं. आई ओल्या फडक्यानं वासराचं अंग पुसत होती. माश्या उठत होत्या, बसत होत्या.

"बाजारात नेली असती कालवड," बाप एकदम म्हणाला, "तर असं किती जणांच्या मांडीवर…" पुढचं त्यानं गिळलं.

आईनं फडकं पिळलं आणि त्याच्या मानेवर टाकलं. त्यानं ते तसंच राहू दिलं.

उन्हं उतरली तेव्हा वासरानं मान उचलली. मग पुढचे पाय रोवले, पडलं, पुन्हा रोवले. उभं राहिलं आणि बापाचा अंगठा तोंडात घेऊन चोखायला लागलं. बाप हलला नाही. आई बाटली आणायला धावली. तिच्या हातून झाकण दोनदा पडलं.

त्यानंतर दिवस हळूहळू सैल होत गेले. तांबडीनं पेजेबरोबर कोवळं गवत घेतलं. कालवड लंगडत का होईना, दाव्याला हिसके द्यायला लागली. पैलवानाचा बैल मरगळला आणि उठला, तो भिंतीवरून रोज बातमी द्यायचा, "आज अर्धी टोपली खाल्ली." गावात आणखी एका घरी एका शेळीच्या तोंडाला फोड आले, ते तिथंच थांबले. बाकी एकाही गोठ्यात रोग शिरला नाही. एके सकाळी तांबडी कडबा खायला लागली. वाळलेला, कडक कडबा, कडाकडा मोडून. आई हातातलं काम सोडून तो आवाज ऐकत उभी राहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी सगळी जनावरं तपासून रेघ झाडून टाकायला सांगितली. टकळी मावशीच्या पोरीच्या आखूड कपड्यांत घरात आली, ती आधी गोठ्यात. बराच वेळ बाहेर आली नाही.

दुपारी तिघं ओट्यावर बसले. छप्पर तसंच राहिलं होतं, कालवडही. बाप म्हणाला, पावसाळा जुन्यावर काढू, दोन ठिकाणी कागद घालू.

"सरांना सांगून आले," टकळी म्हणाली. "गुरांची डॉक्टर मला होता येणार नाही म्हणून. बाईंचंही तेच मत आहे."

"मग एवढं सगळं करून काय झालं?"

"बाई म्हणतात, साथीच्या वेळी गावोगाव जाऊन लोकांना सांगायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, असं कामच असतं. माणसांच्या रोगांसाठी, गुरांच्या, पाण्याच्या. त्याचं शिक्षण असतं. रोग कसा पसरतो ते शिकवतात, आकडेमोड शिकवतात आणि लोकांशी बोलायचं कसं ते."

"बोलायचं शिकवतात?" बाप म्हणाला. "तुला? पैसे त्यांनी तुला द्यायला हवेत."

"मला ऐकायचं शिकावं लागेल, बाबा. बाई म्हणाल्या, तू दारात उभी राहून फार लवकर उत्तर देतेस."

बापानं बसल्या जागेवरून गोठ्याकडं बघितलं. "त्यानं खरंच कुणाचं भलं होतं का, ते सांगितलंस सरांना?"

"ते म्हणाले, तुझ्या बाबांना विचार."

बाप हसला नाही, पण पाय लांब करून भिंतीला टेकला. "लांब आहे का ते कॉलेज?"

"बसनं अर्धा दिवस."

"म्हणजे राहावं लागणार."

"राहावं लागणार."

आई खांबाला टेकून ऐकत होती. बसचं, राहायचं, कुठल्या विषयाला किती गुण लागतात त्याचं, पोरगी आकडेमोडीत कच्ची आहे त्याचं. बाप एक म्हणायचा, टकळी तीन. आईला मध्ये काहीतरी सांगायचं होतं, अंथरूण-पांघरूण द्यावं लागेल असं काहीसं, पण ते शब्द जुळवता जुळवता तिच्या पापण्या जड झाल्या. इतके दिवस ती बसल्या जागी डुलकी घेऊन उठत होती. आता खांब पाठीला बरा वाटत होता.

धारेची वेळ झाली तेव्हा टकळी तिला उठवायला वाकली. बापानं तिचा हात धरून मागं ओढला आणि चरवी तिच्याकडं दिली.

"झोपू दे तिला," तो म्हणाला. "तू काढ. मी वासरू सोडतो."